उकळलेला वाघ

माझ्या हातून शिवलेला कोणताही प्राणी कोणत्याही प्राण्यासारखा दिसत नाही, हे आधीच सांगून टाकते. चार पाय, एक पोट, दोन कान आणि शर्टाच्या बटनांचे डोळे, एवढं झालं की माझं काम संपलं. तो ससा की अस्वल की वाघ, हे मी शिवता शिवता जी गोष्ट सांगे तिच्यावरून ठरायचं. पोरांची कधी तक्रार नसे. तक्रार असे ती आमच्या ह्यांची, कारण बटनं त्यांच्या शर्टाची.

लिहायला बसले आहे ते आजाराबद्दल, शिवणाबद्दल नाही. पण माझा आजार सापडला तोच एका वाघाच्या पोटाशी. त्यामुळे सुरुवात तिथूनच.

आम्ही बल्लारशाला राहतो. हे कागद कारखान्यात आहेत. कागदाच्या मशीनवर लोकरीचा एक लांबरुंद जाड पट्टा फिरत असतो, त्याला फेल्ट म्हणतात. तो झिजला की भंगारात निघतो आणि त्याचे तुकडे कामगारांच्या घरी येतात. थंडीत पांघरायला फेल्ट, सायकलच्या कॅरिअरवर फेल्ट, बाळंतिणीच्या खाटेवर फेल्ट. आमच्या घरात मूल झालं नाही, म्हणून आमच्या वाट्याच्या फेल्टचे प्राणी झाले.

ते व्हायचे उन्हाळ्याच्या सुट्टीत. माझे दीर माजरीला कोळसा खाणीत आहेत. शाळा संपली आणि माजरीचे नळ आटले की माझी धाकटी जाऊ प्रमिला आपल्या दोन लेकरांना घेऊन पॅसेंजरने आमच्याकडे यायची आणि पाऊस तोंडावर आला की परत जायची. मंगला तेव्हा तिसरीत, बंटी तिच्याहून लहान. वर्षातले तेवढे दिवस मी 'मोठी आई' असे. बाकीचे दिवस नुसतीच मोठी.

काम अगदी सोपं. फेल्टचे एकसारखे दोन तुकडे कापायचे, कडेकडेने काजटाका घालायचा, पोटाशी चार बोटं जागा सोडायची, तिथून सावरीचा कापूस कोंबायचा आणि पोट शिवून टाकायचं. सावरीची बोंडं उन्हाळ्यात फुटतातच, ती गोळा करून आणायचं काम पोरांचं. मंगला मोठमोठे टाके घाली. बंटी कापूस कोंबी, निम्मा वाघात आणि निम्मा स्वतःच्या नाकात. आणि मी शिवता शिवता गोष्ट लावी.

त्या दुपारी गोष्टीतल्या वाघाला खोकला झाला होता आणि त्यामुळे त्याला सावज मिळत नव्हतं. मध्येच मंगला म्हणाली,

"मोठी आई, वाघाले रगत निंगून राह्यलं."

मला वाटलं, पोरगी गोष्टीत शिरली. मी म्हटलं, "निंगनच. काटा रुतला असंल त्याले."

"नाई वो, खरंच!"

पांढऱ्या फेल्टवर लाल डाग पसरत होता. मंगलाने वाघ उचलला. वाघाबरोबर माझा डावा हातही वर गेला. मी माझी करंगळी वाघाला शिवून टाकली होती. चांगले दोन टाके. माझ्या मानाने बरे आलेले.

बंटी हसून लोळला. मीही हसले. प्रमिला भाजी निवडत होती, तीही हसत हसत कात्री घेऊन आली. धागा कापता कापता तिचं हसू थांबलं.

"दुखलं नाई तुमाले, बाई?"

"नाई."

"आता दुखून राह्यलं?"

"नाई ना."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मी करंगळीकडे.

"झालं, बाई"

डाव्या कोपराच्या वर माझ्या हाताला एक फिकट डाग बरेच दिवस होता. मी त्याला शिबं समजत होते. खाजत नव्हता, दुखत नव्हता. घरात छपरापासून नवऱ्यापर्यंत सगळं कुरकुरत असताना हा एक डाग तेवढा गप्प होता, म्हणून मला त्याचं कौतुकच होतं.

गावातल्या डॉक्टरांनी कोपरामागची शीर चाचपली आणि चंद्रपूरला पाठवलं. तिथे एका माणसाने मला स्टुलावर बसवलं, हातात कापसाची वात घेतली आणि सांगितलं, "डोळे मिटा. मी हात लावीन तिथं दुसऱ्या हाताचं बोट ठेवा." मी डोळे मिटले. अंगठा, तळवा, मनगट, मी बोट ठेवत गेले. परीक्षेत पहिली येणार असं वाटत होतं. मग काहीच होईना. कोणी हाक मारली असेल त्याला, म्हणून वाट पाहिली. शेवटी म्हटलं, "करा ना सुरू."

तो म्हणाला, "झालं, बाई."

पुढे डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून सांगितलं. त्या कुष्ठरोग म्हणाल्या. आमच्याकडे त्याला रगतपिती म्हणतात आणि तो शब्द बायका शिवी म्हणून वापरतात. नळावरच्या भांडणात मीही वापरला असेल. औषध आहे, पूर्ण बरा होतो, औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागत नाही, असं त्या सांगत होत्या. मी प्रत्येक वाक्याला मान हलवली आणि एकही वाक्य डोक्यात ठेवलं नाही. एकच गोष्ट विचारली.

"सुट्टीत लेकरं येतात. त्यांना जवळ घेऊ का?"

"घ्या की," त्या म्हणाल्या.

हे तेवढं लक्षात राहिलं. पण ते ऐकलं मी. प्रमिलाने नाही.

परतीच्या बसमध्ये ह्यांनी दोन पुडे भजी घेतली. आपला पुडा संपल्यावर त्यांनी माझ्या पुड्यातलं, माझ्या हातातलं, एक भजं उचललं आणि तोंडात टाकलं. मग दुसरं. ते प्रेम होतं की भूक, हे मी अजून विचारलेलं नाही.

घरी आल्यावर त्यांनीच स्वयंपाकघरात उभं राहून प्रमिलाला सांगून टाकलं. सकाळी तिच्या पिशव्या भरलेल्या होत्या.

"माजरीले नळाचं पाणी सुरू झालं म्हनते, बाई. जातो आता."

सुट्टी निम्मी शिल्लक होती. दरवेळी निघताना ती वाकून पाया पडे. त्या दिवशी तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. त्यातली एक बंटीची होती. ती दरवेळी बंटीच धरी.

मंगलाने जाताना सगळे प्राणी गोळा करून नेले, वाघासकट.

वॉर्डातले दिवस

गोळ्या सुरू झाल्या. महिन्यातून एकदा दवाखान्यात समोर बसवून लाल कॅप्सूल देत, त्या दिवशी लघवी लाल होई. मला आधी सांगून ठेवलं होतं, तरी पहिल्या वेळी मी ह्यांना मोरीतून हाक मारली आणि शेवटची इच्छा सांगायला लागले. गोळ्यांनी अंगाचा रंगही हळूहळू काळवंडला. पण मी मुळात इतकी सावळी की शेजारणींना कळलं नाही. गोरं नसण्याचा आयुष्यात झालेला हा एकमेव फायदा.

पावसाळ्यात मात्र कोपर ठणकायला लागलं. जिथे काही कळत नव्हतं तोच हात आता वरून असा दुखे की पदर लागला तरी डोळ्यांत पाणी यावं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शीर सुजली आहे. भरती व्हा. आता हयगय केली तर बोटं वाकडीच राहतील."

तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. रोगाला नाही घाबरले, वाकड्या बोटाला घाबरले. डाग पदराखाली जातो. बोट कुठे लपवणार? वाकडं बोट प्रमिलाला दारातूनच दिसलं असतं.

वॉर्डात सकाळी चहा, मग घमेल्यातल्या पाण्यात हात-पाय भिजवणं, मग तेल, मग व्यायाम. हात कोपरापासून प्लॅस्टरच्या पट्टीवर बांधलेला, तो व्यायामापुरता सोडत. एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं सरळ करायची, पुन्हा पुन्हा. कंटाळवाणं काम. मी माझ्या करंगळीशी बोलायला लागले. शाळेत न जाणाऱ्या पोराला समजवावं तसं.

शेजारच्या खाटेवर सिरोंच्याकडची लच्चूबाई होती, पायाला मोठी जखम घेऊन आलेली. अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलायची आणि मला अक्का म्हणायची. जखम कशी झाली विचारलं तर म्हणाली, "चुलीतला विस्तव पायानं सारला, अक्का. विस्तवानं मले नाई सांगितलं. पायानं बी नाई सांगितलं. वास आला, तवा मले कळलं." आणि पोट धरून हसली. त्या वॉर्डात आम्ही जेवढं हसलो तेवढं मी माहेरीही हसले नव्हते. रडणंही होतं. पण ते ज्याचं त्याने पांघरुणात करायचं, असा न सांगता पडलेला नियम होता.

ज्यांच्या अंगावर असा एखादा गप्प डाग आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्याच्या गप्प असण्यावर जाऊ नका. लाज वाटत असेल तर लाजत लाजत जा, पण दाखवा. मी लवकर गेले असते तर करंगळी वाचली असती. ती सरळ झाली बरीचशी, शेजारचं बोटही आलं ठिकाणावर. पण करंगळीतली जाण गेली ती गेलीच.

रविवारचे पाहुणे

एका रविवारी माजरीहून माझे दीर भेटायला आले. स्टूल पार दाराजवळ ओढून बसले. ड्युटीचं बोलले, पावसाचं बोलले, पुन्हा ड्युटीचं बोलले. मग पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढून खाटेच्या कडेला ठेवली.

"वहिनी, हे मंगलीनं धाडलं. म्हने मोठ्या आईले दुरुस्त कराले दे."

पुडी सोडली. आत मुठीत मावेल असा एक मळकट, कडक गोळा. त्याला चार टोकं, आणि दोन बटनं एकमेकांना जवळजवळ चिकटलेली.

"हे काय होय, भाऊजी?"

"वाघ."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घरी पोचल्यावर प्रमिलाने माझ्या हातचे सगळे प्राणी हंड्यात टाकले, सोडा टाकून उकळले आणि वर कपडे धुवायच्या मोगरीने कुटले. फेल्ट म्हणजे लोकर. लोकर उकळून कुटली की आटते, हे कागद कारखान्याच्या गावातल्या पोरालाही माहीत असतं. माजरीच्या बाईला कुठून असणार? तिने हंड्यात वाघ टाकला आणि उंदीर काढला.

"सगळेच उकळले?"

"सगळेच. ससा तं सापडूनच नाई राह्यला."

मी हसायला लागले. लच्चूबाईला सांगितलं तर तिला हसून ठसका लागला. दीरही हसले आणि मग खाली पाहत म्हणाले,

"लेकराईले दिवाळीले तुमच्या भेटीले नाई आनता येनार, वहिनी. त्याईची माय लय भेते. मी सांगतो तिले, पन... मीबी..."

वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. स्टूल दाराजवळ होतंच, त्याने पुढचं सांगितलं.

मला प्रमिलाचा राग यावा असं मी बरेच दिवस मनावर घेतलं. जमलं नाही. तिला लेकरांसाठी भीती वाटली आणि हाताला जे सापडलं ते तिने उकळलं. मी हंड्यात मावले नसते, म्हणून वाचले.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "जावेला इकडे घेऊन या. मी बोलते." मी दोनदा निरोप धाडला. प्रमिला आली नाही.

ह्यांची वांग्याची भाजी

घरी आले तेव्हा दिवाळी गेली होती. ह्यांनी ठरवलं की मी चुलीजवळ जायचं नाही, कारण चटका लागला तरी मला कळणार नाही. हेतू चांगला. पण त्यांच्या हातची वांग्याची भाजी खाल्ल्यावर मला वाटलं, जिभेची जाण गेली असती तर बरं झालं असतं. चार दिवसांनी मी सांडशीला फेल्ट गुंडाळून घेतलं, मनगटापर्यंत फेल्टचे हातमोजे शिवून घेतले आणि चूल परत ताब्यात घेतली. जेवण झालं की हे चष्मा लावून माझा हात दिव्याखाली धरत, कुठे कापलं-भाजलं आहे का पाहायला. तो जवळचं वाचायचा चष्मा. हात दिसायचा, तळहातावरच्या रेषाही दिसायच्या, आणि मग भविष्य सांगायला लागायचे.

शेजारच्यांपैकी दोघी यायच्या बंद झाल्या. एक मात्र रोज यायला लागली, जी आधी येत नव्हती. तिच्याशी माझं मुळीच पटत नाही, पण काय करता.

शिवण पुन्हा सुरू केलं आणि तिथे खरी अडचण समजली. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या भाऊंनी बजावलं होतं, "शिवा खुशाल. पण आता बोटाचं काम डोळ्यांनी करायचं. सुई हातात असेपर्यंत नजर हलली नाही पाहिजे." मी रिकाम्या घरात सराव म्हणून एक प्राणी शिवायला घेतला आणि स्वतःलाच गोष्ट सांगायला लागले. दोन वाक्यांत गोष्ट बंद पडली. गोष्ट सांगताना मी ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहते, तिथूनच पुढचं वाक्य येतं. फेल्टकडे पाहून मला गोष्ट येत नाही. आणि तोंडाकडे पाहिलं की सुई करंगळीत. शिवायचं तरी, नाहीतर सांगायचं तरी. दोन्ही जमणार नव्हतं.

तसंही, सांगायचं कोणाला, हा प्रश्न होताच. उन्हाळा जवळ येत होता आणि माजरीहून काही कळलं नव्हतं. मी फेल्ट धुऊन, वाळवून, घडी करून ठेवलं. हे शर्ट लपवायला लागले, त्यावरून मला कळलं की तेही वाट पाहत आहेत.

वॉटरबॅग

ती आली. न कळवता, भर दुपारी, पोरांना घेऊन. बंटी दारातूनच माझ्या अंगावर पडला. मंगला उंच झाली होती आणि उंच झाल्यामुळे लाजत होती. प्रमिला उंबऱ्याच्या आत, पण भिंतीला टेकून बसली. गळ्यात बंटीची शाळेची वॉटरबॅग. मी पाणी आणलं तर म्हणाली, "आहे ना, बाई," आणि वॉटरबॅगचं झाकण उघडून प्याली.

मग माझ्याकडे न पाहता बोलली. "शाळेत तपासनीवाले आले होते. साऱ्या पोराईचं अंग पाह्यलं. आपले दोघं ठीक आहेत."

"बरं झालं."

"मी त्यातल्या एकाले इचारलं. म्हनलं, पोरगी तिच्या मोठ्या आईच्या मांडीवर निजे, तं आता काय? तो म्हने, गोळ्या चालू आहेत ना तिच्या? मंग निजू द्या." मग मंगलाकडे बोट करून ती म्हणाली, "आन हे मंगली. दिवाळीपासून जीव खाल्ला माहा. मोठी आई, मोठी आई. मले येत नाई का प्राणी शिवता? तं म्हने, तू शिवशील, गोष्ट कोन सांगन?"

बोलून बिघडवण्याची माझी जुनी सवय आहे, ती त्या दिवशी आवरली.

दुसऱ्या दिवशी फेल्ट काढलं. मंगलाने हत्ती मागितला. हत्ती मला कधीच जमलेला नाही, सोंड नेहमी पाचव्या पायासारखी होते. दोन तुकडे कापले, एक बाजू मंगलाने धरली, एक मी. बंटी कापूस घेऊन तयार. आणि दोघं माझ्या तोंडाकडे पाहायला लागली. मी खाली मान घालून टाके घालत होते.

"मोठी आई, बोल ना."

"हत्ती होता एक," मी फेल्टकडे पाहत म्हटलं. "त्याले नदी पार कराची होती."

"मंग?"

मंग काही येईना. मी बंटीकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं. लगेच पुढचं सुचलं. "नदीले पूर. आन हत्तीले पोहता येत नाई, पन तो कोनाले सांगत नाई, कारन लाज..."

"बाई! सुई!"

भिंतीकडून प्रमिला ओरडली. मी खाली पाहिलं. सुईचं टोक करंगळीपासून केसभर अंतरावर होतं. मी बोट सरकवलं, दोन टाके घातले आणि पुन्हा बंटीकडे पाहिलं.

"सुई, बाई!"

तिसऱ्या वेळी ती भिंतीपासून उठून जवळ येऊन बसली होती. तिथून नीट दिसत नव्हतं म्हणून असेल.

"पोराईकडं काऊन पाहता? हाताकडं पाहा."

"हाताकडं पाह्यलं तं गोष्ट नाई येत, प्रमिला."

"मंग गोष्ट राहू द्या."

"नाई!" दोन्ही पोरं एकदम ओरडली.

"मंग शिवनं राहू द्या."

"नाई!"

प्रमिलाने कपाळाला हात लावला. "काय बाई हट्टी खानदान हे," असं काहीसं पुटपुटली आणि आणखी पुढे सरकली, इतकी की आमचे गुडघे लागले. माझ्या डाव्या हातावर वाकून तिने फेल्टच्या कडेवरून माझी करंगळी अलगद बाजूला काढली आणि आपल्या मुठीत धरली.

"हे माह्याजवळ राहू द्या," ती म्हणाली. "तुमी बोला."

तिचा हात लागला ते मला कळलं नाही. मी खाली पाहिलं, तेव्हा दिसला. भाजी चिरून काळी पडलेली तिची बोटं, हिरव्या बांगड्या, आणि मुठीतून बाहेर आलेलं माझ्या करंगळीचं नख. मी पाहतच राहिले.

"मंग हत्तीनं काय केलं?" बंटीने विचारलं.

कोण हत्ती, कुठली नदी, माझ्या काहीएक लक्षात राहिलं नव्हतं.

"बोला ना, बाई," प्रमिला म्हणाली. "मीबी आयकून राह्यली."